बाबे मावुसोंचा धबधब्याचा प्लॅन

बाबे मावुसो प्लॅन सांगायला लागले की आमच्या गल्लीत जो तो घाईघाईने कामाला लागायचा. ज्याला काम नसायचं तो काढायचा. मी पडले शेजारीण, दोघांच्या अंगणात नुसतं तारेचं कुंपण, मी पळणार कुठे? कपडे वाळत घालता घालता मी त्यांच्या बोलण्यातून ग्रास्कोपचा तो घाट इतक्या वेळा चढले आहे की ट्रकवाल्यांनी मला रस्ता विचारावा.

प्लॅन एवढाच होता. आमच्या गावाहून, हेझीव्ह्यूहून, सकाळी निघायचं, घाट चढून वरच्या ग्रास्कोप गावात पॅनकेक खायचे, पुढे जाऊन लिस्बन नावाचा धबधबा बघायचा आणि दिवे लागायच्या आत घरी. भाड्याची गाडी नाही, ड्रायव्हर नाही. आपली पिकअप, आपलं स्टिअरिंग. "दुसऱ्याच्या गाडीतून डोंगर बघणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी मटण खाणं, थोको," असं ते मला सांगायचे, आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके खूश व्हायचे की लगेच पुन्हा सांगायचे.

पेट्रोल पंपावर कधीतरी फुकट मिळालेला नकाशा ते पिकअपच्या बॉनेटवर पसरायचे. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक अवोकाडो. मग बोट फिरायला लागायचं. "इथे दुसरा गिअर. इथे वळण आहे, फसवं आहे, नवखा माणूस इथे मरतो. इथे हॉर्न द्यायचा." ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस रोज दोनदा तिकडून जाऊन येतो. बाबे त्या घाटाने एकदाही गेलेले नव्हते.

ट्रक त्यांनी चालवला होता, नाही कशाला म्हणू? लाकडाच्या गिरणीत उभा जन्म ट्रक चालवला. फाटकाच्या आत. वजनकाट्यापासून करवतीपर्यंत आणि करवतीपासून वजनकाट्यापर्यंत, सपाट जमिनीवर. फाटकाबाहेर पडायचं झालं की दुसरा ड्रायव्हर यायचा. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, कारण गिरणीतली आमची निम्मी माणसं त्यांच्याच शब्दावर नोकरीला लागली होती आणि मानाने त्यांना बाबे, म्हणजे बाबा, म्हणत होती.

यात कुणाचं काय अडलं होतं? त्यांच्या बायकोचं अडलं होतं. लोमाखोसीचं.

लोमाखोसी पाहुण्यांच्या लॉजमध्ये स्वयंपाकाला होती. सकाळी उठून धबधबे बघायला जाणाऱ्या पाहुण्यांचे डबे भरायचे, संध्याकाळी तेच डबे घासायचे. पाहुणे परत आले की तिला फोनवर लिस्बनच्या तिन्ही धारांचे फोटो दाखवायचे, आणि ती म्हणायची, "वा, छान." स्वतः कधी गेली नाही. सुट्टी मिळायची तेव्हा घरात कुणाचं तरी बाळंतपण असायचं, नाहीतर मयत. पुढे नोकरी सुटली आणि साखरेच्या आजाराने तिचा एक डोळा नेला. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात, डोळ्याचा डॉक्टर म्हणाला, दुसराही टिकेलच असं नाही, जे बघायचं असेल ते बघून घ्या.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "वेलापीचे बाबा, मला लिस्बनचा धबधबा बघायचाय."

"बस्स एवढंच?" बाबे म्हणाले. "मी प्लॅन करतो."

अगं बाई, तिथेच घात झाला!

जानेवारीत म्हणाले, हे आपले पावसाचे दिवस, घाट निसरडा असतो. फेब्रुवारीत म्हणाले, धुकं असतं, एवढं तेल जाळून धुकं बघायचं का? शनिवार तर सोडूनच द्या. आमच्याकडे मयताला माती शनिवारीच देतात, आणि बाबे मावुसोंशिवाय हेझीव्ह्यूत कुणी मातीखाली जात नाही असा त्यांचा समज. रविवारी चर्च. सोमवारी रविवारच्या चर्चचा थकवा. कधी टायर, कधी क्लच, कधी पाठ. एकदा म्हणाले, माकडं फार झालीत रस्त्यावर. माकडं!

त्याच फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या बायकांची बस निघाली लिस्बनला. मी लोमाखोसीची जागा धरून ठेवली, तिचा लाल ब्लाउजसुद्धा इस्त्री करून दिला. बाबे फाटकात आडवे उभे राहिले.

"माझी बायको भाड्याच्या बसमधून धबधबा बघणार? लोक काय म्हणतील, थोको? मावुसोकडे गाडी नाही?"

"गाडी आहे हो," मी म्हटलं, "जागची हलत नाही एवढंच."

"प्लॅन तयार आहे माझा."

लोमाखोसीने लाल ब्लाउज घडी करून ठेवला. आम्ही गेलो. देवाशपथ सांगते, पाणी असं कोसळत होतं की शेजारच्या बाईशी ओरडून बोलावं लागत होतं. तीन धारा, पांढऱ्याशुभ्र, आणि खालून उडालेले तुषार आमच्या तोंडावर. मी परत आले आणि लोमाखोसीला खोटं सांगितलं की धुकंच होतं, काही दिसलं नाही. दुसरं काय सांगणार होते?

मग ईस्टर गेला. त्यामागून आमचा कोरडा हिवाळा लागला. आणि एका मंगळवारी लोमाखोसीने कुणाला न विचारता दोन कोंबड्या कापायला लावल्या. सुनेने, फेत्सिलेने, अंडी उकडली, भांडंभर वाफेचा पाव केला. सगळ्या गल्लीला वास गेला. येणारा-जाणारा विचारायला लागला, काय बेत? लोमाखोसी पायरीवर बसून प्रत्येकाला सांगायची, "उद्या वेलापीचे बाबा आम्हाला लिस्बनला नेतायत." आता एवढ्या लोकांसमोर कुठलं माकड पुढे करणार? बाबेंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मुद्दाम दोनदा जाऊन बघून आले.

बुधवारी सकाळी निघालो. पिकअपला पुढे दोनच जागा. बाबे स्टिअरिंगवर, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कुठून तरी पैदा केलेले कातडी मोजे. शेजारी लोमाखोसी, लाल ब्लाउज घालून. मागे उघड्या हौद्यात मी, फेत्सिले, दोन घोंगड्या आणि शिदोरी. एरवी आमच्याकडे बायका मागेच बसतात, लोमाखोसी पुढे होती ती सहल तिची म्हणून. फेत्सिलेने सासूला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, आत बसवलं, पट्टासुद्धा लावून दिला. मला वाटलं, काय दिखावा करते ही मुलगी!

ही फेत्सिले म्हणजे वेलापीची बायको. तो दूर खाणीत असतो, ही इथे शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. रोज, चिखलातून, खड्ड्यातून, मागे पोरांचा धिंगाणा. पण सासऱ्यासमोर डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, नजर खाली. सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही आणि शेजारी बसायचं तर नावच नको. ती गाडी चालवते ही गोष्ट बाबेंच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. व्हॅन बहुतेक आपली आपण शाळेत जात असावी.

सपाटीवर बाबे असे चालले होते की सायकलवाला मागे वळून आमच्याकडे बघून हसला. मग घाट लागला. पहिल्याच चढावर गाडीने आचका दिला आणि बंद पडली. परत सुरू केली, परत आचका, आणि यावेळी आम्ही मागे घसरलो, तोच आत काहीतरी करकरून ओढल्याचा आवाज आला आणि गाडी रोवल्यासारखी थांबली. मी किंचाळले. अंडी माझ्या मांडीवर. मागून ओंडक्यांनी भरलेला ट्रक येऊन थांबला, त्याच्यामागे दुसरा, आणि हॉर्नचा असा गजर सुरू झाला की बस्स.

"क्लच!" बाबे आतून ओरडले. "क्लच गेला! परत फिरायला लागणार!"

ट्रकवाला खाली उतरून आला. तरणाबांड होता. खिडकीत वाकून म्हणाला, "बाबे, क्लच कुठेही गेला नाहीये. तुम्ही हँडब्रेक ओढून बसलाय."

मी हसले. हो, हसले, खोटं कशाला बोलू? पण आत बघितलं तर बाबेंच्या कपाळावर घामाचे थेंब होते, हिवाळ्यात, आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. माझं हसू तिथेच जिरलं. माणूस घाबरलेला होता. इतके महिने घाबरलेलाच होता.

फेत्सिले हौद्यातून खाली उतरली. शाल नीट केली, लोमाखोसीच्या खिडकीपाशी गेली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, बाबांना सांगा, चावी तशीच राहू दे. मी चालवते."

लोमाखोसी म्हणाली, "वेलापीचे बाबा, ऐकलंत ना?"

"आणि मी कुठे बसू?" बाबे म्हणाले. "तिच्या शेजारी? लाज सोडू?"

"मग मी मागे जाते," लोमाखोसी म्हणाली.

"तू मागे गेलीस तरी मी शेजारीच येतो ना!"

खरंच की. पुढे दोन जागा. सून गाडी चालवणार, सासरा शेजारी बसू शकत नाही. मागच्या ट्रकवाल्यांनाही सगळं कळलं. हॉर्न थांबले. सगळे आपापल्या खिडकीतून माना काढून बघायला लागले, मावुसो आता काय करतात. आता नकाशावर कुठे बोट ठेवतात!

बाबे उतरले. मोजे काढून खिशात घातले. मी हौद्यातून हात पुढे केला. "या," मी म्हटलं, "घोंगडी आहे. अंडी फुटलीत, पण आहेत."

आणि बाबे मावुसो, गिरणीतले मोठे ड्रायव्हर, बायकांच्या जागेवर, कोंबडीच्या भांड्याला टेकून घाट चढले. फेत्सिलेने एकदासुद्धा आचका दिला नाही. पहिल्या वळणाला बाबे म्हणाले, "थोको, तिला सांग, दुसरा गिअर."

"तिने टाकलाय."

"हॉर्न द्यायला सांग."

तोवर हॉर्न वाजला. बऱ्याच वेळाने, टोपी हाताने दाबून धरत म्हणाले, "मागून बरं दिसतं सगळं." मला उत्तर सुचलं होतं, पण मी घोंगडी त्यांच्या गुडघ्यांवर सरकवली. वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, किंवा वाऱ्याने नसेल.

ग्रास्कोपला पॅनकेक नको म्हणाली लोमाखोसी. "आधी धबधबा," म्हणाली.

लिस्बनला पोचलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. धुकं नाही, पाऊस नाही, रस्ता कोरडा, माकडंसुद्धा नाहीत. बाबेंना हवा होता तस्सा दिवस. गाडी थांबताच त्यांच्यात पुन्हा जीव आला. उडी मारून उतरले, लाकडी हत्ती-जिराफ विकणाऱ्या बायकांना नमस्कार घातले, जणू धबधबा त्यांनीच बसवलाय. फेत्सिले सासूचं कोपर धरून तिला हळूहळू कठड्यापर्यंत घेऊन आली.

मी खाली बघितलं. हिवाळा तो. काळा कातळ, आणि त्यावरून दोन बारीक धारा, सुतासारख्या. तिसरी नव्हतीच. तिच्या जागी नुसता हिरवट डाग. आवाज म्हणाल तर मागच्या बायकांच्या गप्पा त्याहून मोठ्या.

बाबेही बघत होते. त्यांचा हात बोट दाखवायला वर गेला होता, तो तसाच राहिला.

तेवढ्यात लोमाखोसी म्हणाली, "अहाहा! केवढं हो पाणी! आणि ती तिसरी धार, काय जोरात पडतेय!"

ती हसत होती. तिचं तोंड धबधब्याकडे नव्हतं. पार बाजूला, कोरड्या कड्याकडे बघून ती कौतुक करत होती. फेत्सिलेने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. सकाळपासून तो हात दिखाव्यासाठी धरलेला नव्हता.

तिने सासूचं कोपर हळूच दाबलं. लोमाखोसीचं हसू जरा मावळलं. आपलं काहीतरी चुकलं हे तिला कळलं.

बाबेंनी तिच्या चेहऱ्यासमोर हळूच हात हलवला. मग तो खाली घेतला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही नवीन प्लॅन केला असता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "निदान आले तरी."

त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्याच्याकडे बोलायला काहीतरी असायचं. आता त्यांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली. मग त्यांनी बायकोचे दोन्ही खांदे धरले आणि तिला अलगद पाण्याच्या बाजूला वळवलं.

"काय आहे समोर?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"दोन धारा," बाबे म्हणाले. "बारीक आहेत. तिसरी आटली." मग थांबून म्हणाले, "आपण उशिरा आलो." आणि पुन्हा, माझ्या आणि सुनेच्या देखत, "मी उशीर केला, लोमाखोसी."

मला वाटलं ती आता असू द्या म्हणेल. ती पाण्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली.