देवळावरचा कर्णा माझ्या गच्चीवर

मंडळी, आत्ताच गच्चीवरनं खाली आलोय.

आमच्या गावात कोण वारलं की देवळावरच्या कर्ण्यावरनं सांगायचे. देवळात नवे स्पीकर आले, म्हणून तो जुना कर्णा मी हौसेनं विकत घेतला. आज त्यात आवाजाचं नवीन युनिट बसवलं आणि गच्चीवरनं माईकवर नुसतं "हॅलो, हॅलो" म्हटलं.

अख्खी गल्ली दारात आली. आई अनवाणीच जिना चढून वर आली. "आप्पांचं काय झालं रं?"

आप्पा, म्हणजे माझे वडील, बेळगावात दवाखान्यात आहेत.

"काय न्हाय गं, टेस्टिंग," म्हटलं, पण तिला पटेना. फोन लावला. रिंग वाजत राहिली, तसा मलाच घाम फुटला.

शेवटी आप्पांनीच उचलला. "आत्ताच जेवलो," म्हणाले.

कर्ण्याची वायर काढून ठेवलीय. तुमच्या गावात कर्ण्यावरनं कधी चांगली बातमी सांगतात का?