दिंडोरीच्या बागेत साफ आकाशाचा नवस

आधीच सांगून टाकते, दिंडोरीला कोणी आकाश बघायला जात नाही. लोक द्राक्षं बघायला जातात, वाईनरीत फोटो काढायला जातात. आम्ही गेलो, कारण आमचा क्लब शेवटचे श्वास मोजत होता.

क्लब म्हणजे विद्यापीठातली जिन्याखालची एक खोली, एक लांबलचक दुर्बीण आणि दोन माणसं. मी आणि ओंकार. दोघंही शेवटच्या वर्षाला. सरांनी प्रेमाने सांगून ठेवलेलं, "सोमवारी मला पुढच्या वर्षासाठी एक नाव द्या. नाहीतर दुर्बीण लॅबच्या कपाटात जाईल आणि खोली नाटकवाल्यांना." नाटकवाले तर आत्ताच येऊन भिंतींची मापं घेऊन गेले होते. निर्लज्ज.

म्हणून ही ट्रिप. शनिवार-रविवार, अमावास्येच्या जवळचा, जानेवारीतला. तुम्हाला जायचं असेल तर असाच शोधा. चंद्र असला की तारे रुसतात. ओंकारच्या मामांची द्राक्षबाग दिंडोरीच्या पलीकडे आहे. राहणं-जेवण तिथेच, फुकट. पहिल्या वर्षाची पाच मुलं तयार झाली. चौघांना वाटलेलं, वाईनरी आहे. पाचवी प्रज्ञा. तिने एकच प्रश्न विचारला, "परत किती वाजता?" मी मनातल्या मनात तिच्यावर फुली मारली.

निघायच्या आधी आमच्याकडे एक प्रथा आहे. दुर्बिणीसमोर नारळ फोडायचा आणि सगळ्यांनी बोंब ठोकायची, "ढग गेले!" कोणी सुरू केली माहीत नाही. विज्ञानवाले आहोत, पण नारळ चुकवत नाही.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची एसटी मिळते, तासाभराचा रस्ता. कंडक्टरकाकांनी दुर्बिणीची नळी खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"ही काय, तोफ?"

"दुर्बीण आहे काका."

"बायांना अर्धं तिकीट असतं. पण हा बाप्या दिसतोय. याला फुल लागंल."

आख्खी बस हसली. दुर्बिणीचं खरंच पूर्ण तिकीट काढलं आणि तिला खिडकीजवळ बसवलं. म्हसरूळ मागे पडलं की हवा बदलते. मग एकेक करून बागा सुरू होतात, तारांवर चढलेले वेल, मधून फवारणीचे ट्रॅक्टर. कॅमेरा खिडकीच्या बाजूला ठेवा. दिंडोरी स्टँडवर वडापाव खाऊन घ्या, मिरची जपून. पुढे मामा पिकअप घेऊन आले होते. मागे उभं राहून जायचं, केसांची आशा सोडून.

मामी दारातच उभ्या होत्या. ओंकारने पिशवीतून खोबऱ्याचे तुकडे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "प्रसाद घ्या मामी."

"कशाचा रे?"

"आकाश साफ राहू दे, म्हणून फोडला. आणि थंडी पण कडाक्याची पडू दे. थंडीत तारे एकदम चकाचक दिसतात!"

मामींनी तुकडा तोंडात टाकला होता. चावायचं थांबल्या. मामांकडे बघितलं. मामांनी आकाशाकडे बघितलं, मग ओंकारकडे.

"भाच्या, म्हंजे तू माझ्याच दारात माझ्या बागंवर नारळ फोडून आलास की."

मग आम्हाला कळलं. याच दिवसांत घडांत गोडी भरत असते. आकाश कोरडं, निरभ्र राहिलं की पहाटे पारा घसरतो, आणि फार घसरला की मणी तडकतात. आख्खं गाव ज्या थंडीला घाबरून होतं, ती आम्ही मागून घेतली होती. वर तिचा प्रसाद वाटत होतो.

"मग ढग यायला हवेत का मामा?" मी घाईघाईने विचारलं. तोडगा म्हणून.

"ढग आलं की रोग येतो. मंग फवारत बसा. आमाला ढग बी नको नि थंडी बी नको." मग हसले. "बसा आता. खाल्लाय ना प्रसाद, पचवू."

मामी मात्र त्या रात्री ओंकारला भाकरी वाढताना दरवेळी म्हणायच्या, "घ्या, नवसवाले." बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा, वर तुपाचा गोळा. नाशिकच्या कुठल्याही 'चुलीवरच्या' बोर्डाखाली हे मिळणार नाही, शोधू नका.

जेवणानंतर शेततळ्याच्या बांधावर दुर्बीण लावली. आमच्यात पांढरा उजेड वर्ज्य. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि एक टॉर्च सगळं धुऊन टाकते. म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन बांधायचं आणि पांढरा उजेड दिसला की ओरडायचं. मी पोरांना गुरू दाखवला. चार चंद्र, एका रेषेत, टाचणीने टोचल्यासारखे. मी स्वतः पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडले होते.

"एवढंच?" एक जण म्हणाला. "रील्समध्ये मोठा दिसतो ताई."

मी मनातल्या मनात सोमवारपर्यंतचे तास मोजले.

तेवढ्यात बागेतून भगभगीत टॉर्च वर आली आणि आम्ही सगळे सवयीने किंचाळलो, "लाईट! लाईट बंद!" टॉर्च पटकन विझली. अंधारातून मामींचा आवाज आला, "माझ्या वावरात मीच चोर झाले का गं?" चहाची किटली घेऊन आल्या होत्या. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे. प्रज्ञा खाली उतरली, स्वतःच्या टॉर्चचं लाल जिलेटिन काढून मामींच्या टॉर्चवर बांधलं आणि त्यांना हात धरून वर आणलं. पुढचा नंबर मामींना दिला. मामी गुरूकडे बघत बराच वेळ वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "चार लेकरं हायेत त्याला." रील्सवाला पोरगा परत रांगेत लागला.

खरा खेळ पहाटेचा होता. थोडं झोपून आम्ही परत बांधावर. थंडी अशी की बोलताना आधी दात वाजायचे, शब्द नंतर. (कानटोपी न्याच. स्टाईल घरी ठेवा.) आणि आकाश! नवस फळला होता. तळ्यातसुद्धा तारे पडले होते. शौरी तारकासमूहातला तारकागुच्छ मी दुर्बिणीत धरला, काळ्या ताटलीत पिठीसाखर सांडावी तसा. पहिल्याने डोळे चोळून पुन्हा बघितलं. दुसरीने "आईशप्पथ" एवढंच म्हटलं. तिसरी डोळा काढेना. क्लब वाचतोय, मला दिसत होतं. रांगेत शेवटी प्रज्ञा.

खाली बागेच्या कडेला मामा उभे होते. बागेत ओळींच्या कडेला वाळलेल्या काड्या आणि पाचटाचे ढीग रचलेले. पारा घसरला की ते पेटवून धूर करतात, बागेवर पांघरुणासारखा. मामांच्या हातात काडेपेटी होती. आणि ते वाट बघत होते.

"झालं का पोरांनो बघून?" त्यांनी खालून विचारलं. "मंग पेटवतो."

धूर झाला की आकाश संपलं, हे त्यांना माहीत होतं. पाहुण्यांसाठी थांबले होते, स्वतःची बाग गारठत ठेवून.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दोनच मिनिटं मामा!"

प्रज्ञा रांगेतून बाहेर पडली. आता तिचाच नंबर होता. "ताई," ती म्हणाली, "ते आपल्यासाठी थांबलेत. चल." आणि बाकीच्यांकडे वळून, "एकेकाने एकेक ओळ धरा. पळा!"

पळाले सगळे. तिने सांगितलं म्हणून पळाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मामांनी कसं पेटवायचं ते दाखवलं, ज्वाळा नको, धूर हवा, म्हणून वरून ओलं गवत टाकायचं. रील्सवाला खोकत-खोकत गवत वाहत होता. मामींनी विहिरीची मोटर चालू केली, पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं, ते वेलांच्या मुळाशी सोडतात. बागेवर पांढरा थर पसरला, वर चढला, आणि एकेक तारा विझत गेला. मी बांधाकडे बघितलं तर दुर्बीणपण दिसेना. डोळ्यांतून पाणी. धुराचं. बहुतेक.

उजाडल्यावर मामांनी ओळीओळीने फिरून घड हातात घेऊन बघितले. आम्ही मागे-मागे, निकालाच्या दिवशी चालतात तसे. कडेच्या एका ओळीचे मणी तडकले होते. बाकी बाग ठीक होती.

"ही वळ नवसाची," मामा म्हणाले. "फेडली म्हणायची." आणि ओंकारच्या पाठीत एक धपाटा.

ऊन वर आल्यावर धूर विरला. दुर्बिणीला पुढून सूर्याचा फिल्टर लावला. (फिल्टरशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीच नाही, डोळा जातो. हे वाक्य दोनदा वाचा.) बागेत कामाला आलेल्या बाया, मामी, शेजारचे, सगळ्यांची रांग लागली. रांग प्रज्ञा सांभाळत होती, फिल्टर घट्ट आहे ना, हे माणसागणिक तपासत.

"अगं बाई, सूर्याला तीळ हाय!" मामी ओरडल्या.

"सौरडाग म्हणतात मामी. तुमचा तीळ आपल्या पृथ्वीएवढा तरी असेल."

"मंग दृष्ट नाय लागायची त्याला."

परतीच्या बसमध्ये पाचही जण माना टाकून झोपले. मी जागी. पहाट वाया गेली, ज्या मुलीने सगळं सावरलं तिने तो तारकागुच्छ बघितलाच नाही, आणि उतरताना ती एवढंच म्हणाली, "थँक्यू ताई, बाय." सरांना काय सांगायचं?

सोमवारी मी त्यांच्या केबिनपाशी गेले तर प्रज्ञा आधीच दारात.

"माझं नाव द्यायचंय," ती म्हणाली. "पण तारीख ठरवायच्या आधी ज्यांच्याकडे जायचंय त्यांना फोन करायचा. त्यांना तेव्हा कसं आकाश चालेल, विचारायचं. मग अमावास्या."

"आणि नारळ?"

"नारळ हवाच. खोबरं चांगलं होतं."

माझ्या जॅकेटला अजून धुराचा वास आहे, धुतलेलं नाही. द्राक्षांची पेटी मामांनी पाठवली, सोबत ओंकारसाठी तोंडी निरोप, 'पुढच्या खेपेला प्रसाद न आणता या.' खोली आमचीच आहे. नाटकवाले अजून हळहळतात.

परवा क्लब पुन्हा निघाला, मार्चमध्ये, द्राक्षतोडणी उरकल्यावर, मामांना विचारून. मी फक्त टाटा करायला गेले होते. प्रज्ञाने नारळ फोडला आणि जुनी बोंब ठोकली, "ढग गेले!" मग सगळ्यांनी मिळून नवी ओळ जोडली, जी मी शिकवलेली नव्हती:

"मामा निवांत!"