पत्र्यावरचा दगड

“तो दगड म्याच ठेवल्ता.”

हे वाक्य जयवंताबाई मदतीला आलेल्या संस्थेच्या वसंताला चूल फुंकता फुंकता म्हणाली होती, त्याच्याकडे न बघता.

भोकरदनकडच्या त्या वस्तीवर मे महिन्यात वादळ आलं आणि घराघरांवरचे पत्रे उडाले. वारा पत्रा नेतो. पत्रा दाबायला ठेवलेला दगड मात्र सरळ खाली येतो. खाली बाजेवर जयवंताबाईचा नवरा रायभान निजला होता.

पुण्याची संस्था धावून आली. निम्म्या वस्तीला नवे पत्रे मिळाले. पत्र्यावर दगड ठेवावे लागू नयेत म्हणून हुकही मिळाले. बाकीच्यांसाठी देणगीदार शोधायचे होते. वसंता भला माणूस. त्यानं ते वाक्य वर संस्थेला कळवलं आणि देणगी देणारे पाहुणे येऊ लागले. जयवंताबाईनं सांगायचं, त्यांनी ऐकायचं, मग आणखी काही घरं झाकली जायची.

सुरुवातीला सांगितल्यावर तिला भाकरी जात नसे. पुढं पुढं जाऊ लागली. त्याचीच तिला भीती वाटली.

“आता न्हाई सांगायची मी,” ती सुनेला म्हणाली.

“बोलायला काय खर्चा लागतो, आत्याबाई?” आशाबाई म्हणाली. “आपल्या डोक्यावर पत्रा आला, म्हून गप बसायचं?”

शेजारचा कचरू अजून ताडपत्रीखाली होता. तो हसत म्हणाला, “वैनी, आमचं छप्पर तुमच्या तोंडात हाय. जरा उघडा की.”

पाहुणे आले ते ऐन दुपारी. नव्या पत्र्याखाली घर भट्टीसारखं तापलेलं. चष्मेवाल्या बाई सतरंजीवर टेकल्या. दारात कचरू आणि त्याची बायको.

“मावशी, सांगता ना?” वसंतानं विचारलं.

जयवंताबाईनं तोंड चुलीकडं फिरवलं. कचरूची बायको खाली बघू लागली.

तेव्हा आशाबाईनं पदर सावरला आणि सांगायला घेतलं. वारा कसा आला, बाज कुठं होती. सासू जिथं थांबायची तिथं ती थांबली, सासूचा आवाज जिथं बसायचा तिथं तिचाही बसला. शेवटी म्हणाली, “जाता जाता मामंजी बोलले, जयवंता, तुझा काई दोष न्हाई.”

रायभान काहीच बोलला नव्हता. त्याला तेवढा वेळच मिळाला नव्हता.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. वसंतानं मान हलवली. कचरूचा चेहरा सैल झाला. पत्रे येणार होते. सगळे जयवंताबाईकडे मायेनं बघत होते.

ती उठली. माणसांतून वाट काढत दाराशी आली. कचरू बाजूला सरला, तशी ती उन्हात निघून गेली.