खुंटाचं पान

काल कुंडीतल्या लिंबाचं पान सहज चुरगाळलं आणि त्या उग्र वासासरशी शेंदूरजनाघाटची आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका डोळ्यांपुढे आली. त्या वर्षांत बागा वाळत होत्या, कलमांना गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून मी फेसबुकवर पेज काढलं होतं आणि दूरदूरचे बागायतदार जोडले होते. एका दुपारी बार्शीटाकळीच्या आत्याच्या नावानं मेसेज आला. मी मोठ्यानं वाचला, “या व्हिडिओत तू आहेस, लवकर बघ.” खाली लिंक होती. अंगठा टेकणार, तोच खुंटावर, म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा बांधत बसलेली आई ओरडली, “थांब! दुसऱ्याचं कलम घेतानी खुंटाचं पान चुरगाळून हुंगतं, जंबेरीच हाय का पायतं, अन् इथं काहून घाई करून राहिला? आत्याले फोन लाव.” लावला. आत्या म्हणाली, “मी कायले धाडू? मी तं सकाळपासून वावरात हावो!” तिचं खातं भलत्याच कुणाच्या हाती गेलं होतं. ज्यांनी लिंक उघडली, त्यांच्या नावानं ती पुढे सगळ्या ओळखीच्यांना गेली. मी ती उघडली नाही, म्हणून आमच्या एकाही बागायतदाराला गेली नाही. मी ओट्यावर बसून माठातलं गार पाणी घटाघट प्यायलो. अजूनही ओळखीच्या नावानं लिंक आली की माझा अंगठा पान हुंगावं तसा आधी नाकाशी जातो, मग फोन लावायला.