गवतात भरलेला दगड

माझं काम ऐकलं की आमच्या गावात, जामसंड्यात, लोक आधी हसतात. हिमालयातून दगड आणायचा, त्याची पूड करायची आणि तिच्यातून जुन्यापुराण्या पानांचं मेण शोधायचं. पानावर पाणी ठरत नाही ते या मेणामुळे. ते हायड्रोकार्बनचं असतं आणि कमालीचं चिवट. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बहुतेक जीव संपले. तेव्हाच्या चिखलाचा पुढे दगड झाला, तरी मेणाचा अंश आत टिकून राहिला. झाडांचं त्या काळात काय झालं, हे त्यावरून कळतं.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “झाडा मेली नि मेण तेवढा रवला? बरा नाय ता.”

बाबांनी जन्मभर हापूसच्या पेट्या भरल्या. आंबा कसा उचलतो आणि गवत किती दाबतो, यावरून ते माणसाची पारख करत. मग त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आता पेट्या भाऊ भरतो आणि बाबा खुर्चीत बसून त्याच्या चुका काढायचे. यंदा मे महिन्यात तर चुका काढणंही त्यांनी सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

डोंगरातलं काम संपवून मी थेट चतुर्थीला घरी आले. बाकीचं सामान परस्पर प्रयोगशाळेत गेलं होतं, पण त्या संहाराच्या थराचा हाती लागलेला एकुलता तुकडा, हरवू नये म्हणून, मी स्वतःजवळ ठेवला होता. असा दगड भट्टीत तापवलेल्या चांदीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, कागदात गुंडाळतात. त्याला हात, लाकूड, कापड काही लागू द्यायचं नसतं. आजचं मेण जुन्या मेणात मिसळलं तर मेहनत पाण्यात जाते. घरी मात्र मी एवढंच म्हणाले होते, “खूप नाजूक आसा ह्यो दगड, जरा जपा.”

निघायच्या दिवशी ओटीवर आंब्याची एक पेटी ठेवलेली दिसली. वर सुतळी बांधलेली. शेजारी माझा चांदीचा कागद, सुरकुत्या काढून नीट घडी घातलेला.

“कागदात गुंडाळून दगड नेतत काय कोण?” बाबा म्हणाले. “आता गाडी खंयय आपटली तरी ह्येका काय्येक जावचा नाय.”

माझं डोकं तापलं. माळ्यावरचं भाताचं गवत, म्हणजे पानंच ती, मेणासकट! त्यांच्या मधोमध माझा दगड. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. आई माझा डबा भरत होती. मी काही बोलायच्या आत तीच हळूच म्हणाली, “सकाळपासून बसलेत. सुतळेची गाठ कितीदा सुटली. कोणाक हात लावूक देवक नाय तेंनी.”

मी ओटीवर परत आले. बाबांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आंब्याच्या व्यापाऱ्यासमोर पहिली पेटी उघडताना बघायचे तसे.

“बरी भरलास, बाबा,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. पेटी खरंच सुरेख भरली होती.

प्रयोगशाळेत दगडाची बाहेरची कड कापून पाहिली. उपयोग झाला नाही, दगड ठिसूळ आणि भेगाळ होता, गवताचं मेण भेगांतून आतवर गेलं होतं. आलेखावर ताजं मेण एवढं उमटलं की जुनं त्याखाली दिसेना. आमच्या मॅडमनी चष्मा काढून विचारलं, हे आलं कुठून? मी म्हटलं, माझ्या हातून झालं. पुढच्या वर्षी परत जाऊन नवा तुकडा आणायचा, असं ठरलं. माझं एक वर्ष वाया जाणार होतं. चरफडले, एकदा रडलेही.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. “फुटलो नाय मा गो?”

“नाय. दिलास तसोच पोचलो.”

“मगे?” ते एकदम खुशीत आले. “पुढच्या टायमाक पण हयच घेवन ये. मीच भरून देतलंय.”

“आणतंय,” मी म्हणाले.

पुढच्या वर्षी नमुना डोंगरातूनच प्रयोगशाळेत पाठवायचा आहे. येताना मी वाटेवरचा एखादा साधा दगड उचलीन, चांदीच्या कागदात गुंडाळीन आणि बाबांना सांगेन, जरा जपा, नाजूक आसा.