भागोजी मिस्त्रींनी न लावलेला हात

संगमेश्वरच्या पट्ट्यात जुना ट्रक विकायचा असला की भागोजी मिस्त्रींना बोलवायचं, हे गेली तीस वर्षं ठरलेलं. साठ-सत्तर सालातले ते लांब नाकाचे ट्रक आता लोक हौसेने घेतात, रंगवतात, फोटो काढतात. रंग काय, शेंबडं पोरही लावेल. इंजिनाच्या पोटात तेल नीट फिरतंय की नाही हे सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस भागोजी.

त्यांची रीत साधी. ट्रक चढणीला पिटाळून आणायचा, इंजिन चांगलं तापू द्यायचं, मग उभ्या जागी सावकाश चालू ठेवून ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं. गार इंजिनात तेल दाट असतं, काटा कुणाचाही वर चढतो. तापून तेल पातळ झालं की झिजलेल्या बेअरिंगमधून ते निसटतं आणि काटा आडवा होतो. म्हणून मालक कितीही म्हणाला की गाडी आत्ताच पळवून आणली, तरी मिस्त्री आधी रेडिएटरवर तळहात ठेवायचे. कुणी फुरंगटून "इस्वास नाय काय?" म्हणालं तर सांगायचे, "तुझ्यावर हाय, लोखंडावर नाय."

गेल्या मार्चात ट्रक विकायला काढला तो त्यांच्याच मेहुण्याने, धाकूने. मिस्त्रींची धाकटी बहीण गोदा त्याला दिलेली. त्याच ट्रकवर धाकूने उमेदीची वर्षं चिरे वाहिले. आता मुलगा संदेश मुंबईत, आणि स्वतःच्या खोलीशिवाय त्याची सोयरीक कुठे जमेना. घेणारा होता केळशीचा सुजय, आंब्याचा बागायतदार. त्याच्या वडिलांकडे एके काळी अगदी असाच ट्रक होता, म्हणून जीव अडकलेला. त्याने एकच अट घातली, "मिस्त्रीकाका बरा म्हणाले तर घेतो."

मिस्त्री पोचले तेव्हा ट्रक धाकूच्या अंगणातच उभा होता.

"आत्ताच देवरुखावरनं आनलाय," धाकू म्हणाला. "तापलेला हाय."

त्याने सेल्फ मारला. इंजिन दोन-तीनदा कुरकुरलं, मग लागलं. तापलेलं इंजिन इतके नखरे करत नाही. मिस्त्रींचा पाय बॉनेटकडे वळलाही. पण समोर बहिणीचा नवरा, शेजारी सुजयसारखा परका माणूस, दारात चहा घेऊन उभी गोदा. जावयाचा शब्द खरा की खोटा, हे चारचौघांत हात लावून बघायचं? आपल्याकडे जावयाच्या पानात मीठ वाढायचं राहिलं तरी घर हलतं. मिस्त्रींनी मनातल्या मनात बॅटरीला दोष दिला आणि हात खिशात घातला. काटा ताठ होता. आवाजही मऊ होता.

"बरा हाय. बिनधास्त घे," ते सुजयला म्हणाले.

सुजय आनंदाने ट्रक घेऊन निघाला आणि परशुराम घाटात इंजिन जाम झालं. फोन आला तसे मिस्त्री मिळेल त्या गाडीने तिथे पोचले. इंजिनाखाली सरपटत जाऊन त्यांनी तेलाच्या टाकीचा नट सोडला. तेल धार धरून पडायच्या ऐवजी काकवीसारखं ओघळलं, आणि वास आला गंधकाचा. गिअरबॉक्सचं तेल! झिजलेलं इंजिन कुणाच्या गळ्यात मारायचं असलं की लबाड लोक हेच ओततात. काटा वर राहतो, खडखड दबते, आणि घेणारा पुढे घाटात बोंबलत बसतो. बेअरिंग वितळून शाफ्टला चिकटलं होतं. अंगणात ट्रक गारच होता, देवरुखाला गेलाच नव्हता, हे मिस्त्रींना आडवं पडल्या पडल्याच कळलं.

बाहेर येऊन त्यांनी सगळं खरं सांगितलं. "मी हात लावून बघितलं नाय रे. मलाबी फसवलं."

सुजय चढ्या आवाजात बोलला नाही. "काका, तुम्हाला आजवर कुणी फसवू शकलं नाही, म्हणून तर मी तुमच्यावर सोडलं होतं. आणि फसलात ते नेमके घरच्या ट्रकला?"

तीस वर्षं जपलेलं नावच मिस्त्रींना खोटं पाडत होतं. ते तिथून तडक धाकूच्या दारात.

"भावोजी, ट्रकचं काय ते तुमी बघा. माझं येवढंच मागनं हाय. सुजयला फोन लावा आनि सांगा, भागोजीला ह्यातलं काय म्हायती नव्हतं."

धाकू जमिनीकडे बघत म्हणाला, "मंग मी येकटाच चोर ठरेन. तुमची चूक झाली म्हना, मिस्त्री. चूक कुनाचीबी व्हते."

मिस्त्री गोदाकडे वळले. तिला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं, तिच्याकडून तरी त्यांना आशा होती. "गोदे, तू तरी सांग ह्यांना! केसानं गळा कापला गं माझा."

गोदाने पदराला हात पुसले.

"ह्यांना नको बोलू, दादा. हे घाबरतच हुते, तू रेडिएटरला हात लावशील म्हनून. मीच ह्यांना सांगितलं, माझ्या दारात तुमी ट्रक तापलाय म्हनालात तर माझा दादा हात लावनार नाय."

धाकूला द्यायला मिस्त्रींनी वाटेत ढीगभर शिव्या जमवल्या होत्या. त्यातली एकही गोदाला लागू पडेना. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते निघाले. मागून तिने चहा घेऊन जा म्हणून दोनदा हाक मारली.