दत्तूभाऊ आणि कपाटातली कात्री

आधी माफी मागतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आणि शब्दही साधेच. पण राजवाड्यामागच्या, निम्मं हिंदी बोलणाऱ्या आमच्या टेलरिंगच्या दुकानात किस्से चिंध्यांसारखे साठतात. रोज झाडा, संध्याकाळी ढीग तयार!

बरेचसे दत्तूभाऊंचे. ते आमचे कटर, कापड बेतून कापणारे. डोक्यात गाठ निघाली, मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण अधूनमधून फिट यायला लागली. डॉक्टरांनी सायकल आणि कात्री बंद केली. शेठनी मोठी कात्री कपाटात ठेवली आणि दत्तूभाऊंना मापं आणि काजं-बटणं दिली. बिचारे टाके घालत, पण नजर कपाटावर.

दुकानात पहिली फिट आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. शुद्धीवर येताच म्हणाले, "फिट परवडली भिया! ही चप्पल कुणाची?"

ऑपरेशनच्या बाजूला डोक्याला खळगा पडला होता. टोपी घसरायची. त्यांनी टोपीत आतून कोटाच्या खांद्याचा पॅड शिवला.

त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"गिऱ्हाइकाचा खांदा उतरता असला की हेच करतो मी!"

एकदा एका जाड वकीलसाहेबांचं माप घेताना दत्तूभाऊ कमरेला टेप लावून तसेच थिजले. छोटीशी फिटच ती. टेपकडे एकटक बघत राहिले. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "इतनी बढ़ गई क्या?"

तेव्हापासून त्यांनी पोह्यांबरोबरची जलेबी सोडली म्हणतात.

पुढे गोळ्या लागू पडल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, फिट नाही. डॉक्टर म्हणाले, कात्री धरा, शेजारी माणूस ठेवा. पण शेठचं एकच, "अभी नहीं, दत्तूभाऊ." दत्तूभाऊ परत काजांकडे.

मग शेठच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरदेव अडून बसला, "लग्नाची अचकन कापतील तर दत्तूभाऊच!"

शेठनी कपाट उघडलं. दत्तूभाऊंच्या मागे मी उभा, समोर शेठ. खडूच्या रेघेवरून कात्री निघाली. शेठनी श्वासच धरून ठेवला. बाहीच्या मुंढ्याची शेवटची गोलाई सुटी झाली, आणि धप्पकन शेठ खाली!

दत्तूभाऊंनी कात्री ठेवली, शेठना कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं. शेठनी डोळे उघडले.

"मैं गिरा क्या?"

"हो शेठ. आजपासून कात्री तुम्हाला बंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि सगळ्यात आधी, दत्तूभाऊ यायच्या आत, ती कात्री धार लावायला घेऊन गेलो.